अवघड इंग्रजी शब्द पाठ करायची सवय आली कुठून

रोज दहा अवघड इंग्रजी शब्द वहीत लिहून घोकणारी पोरं बघितली की वाटतं हे सगळं स्पर्धा परीक्षांनी आणलंय. पण तसं नाहीये. इंग्रजीची पहिली एकभाषिक, म्हणजे इंग्रजी शब्दाचा अर्थ इंग्रजीतच देणारी, डिक्शनरी म्हणून जी ओळखली जाते तीच मुळात अवघड शब्दांची यादी होती. रॉबर्ट कॉड्री नावाच्या शाळामास्तरनं 1604 साली लंडनमध्ये काढली, नाव टेबल अल्फाबेटिकल. हा माणूस आधी पाद्री होता, चर्चशी खटके उडाले आणि ती जागा गेली. पुस्तकात शब्द साधारण अडीच हजार, त्यात घर, पाणी, भाकरी वगैरे काही नाही, कारण ते तर सगळ्यांना येतातच, जे शब्द बायबलमध्ये, चर्चच्या प्रवचनात नाहीतर आणखी कुठे कानावर पडतात आणि डोक्यावरून जातात तेवढेच घेतले, शेजारी दोनचार शब्दांत सोपा अर्थ. कुणासाठी तेही पहिल्याच पानावर छापलंय, बायका आणि ज्यांचं फारसं शिक्षण झालेलं नाही अशी मंडळी. लॅटिन शाळेत ज्यांना कुणी घेतच नव्हतं त्यांच्यासाठी. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आणि प्रस्तावनेत तो वाचकाला सांगतो की आधी ए बी सी डी क्रमानं तोंडपाठ करा, शब्द ए नं सुरू होत असेल तर पुस्तकाच्या सुरवातीला बघा, व्ही असेल तर शेवटाकडे. म्हणजे डिक्शनरीत शब्द शोधायचा कसा हे सुद्धा तेव्हा शिकवावं लागत होतं! पहिल्या आवृत्तीची आज एकच प्रत शिल्लक आहे, ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत.

आता इंग्रजीत सोपे शब्द खाली आणि अवघड शब्द वर असे मजले झालेच कसे? 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, पुढची दोन-तीनशे वर्षं दरबारात आणि कोर्टात फ्रेंच, चर्चमध्ये आणि विद्वानांकडे लॅटिन, आणि शेतात बाजारात इंग्रजी. त्यामुळे एकाच गोष्टीला तीन तीन शब्द झाले. विचारणं म्हणजे साधं आस्क, त्याच्या वर फ्रेंचमधून आलेला क्वेश्चन, आणि त्याच्याही वर लॅटिन इंटरॉगेट. मराठी माणसाला हे फार समजवावं लागत नाही, आपण प्यायला पाणी मागतो, सरकारी खातं जलसंपदाचं असतं आणि पूजेत उदक सोडतो.

मग 1476 ला कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, पुस्तकं वाढली, ग्रीक-लॅटिन ग्रंथांची भाषांतरं व्हायला लागली आणि सोळाव्या शतकात लेखक लोक लॅटिनमधून शब्द अक्षरशः पोत्यानं उचलून आणायला लागले. त्यावर मोठं भांडण झालं. अशा शब्दांना लोक इंकहॉर्न टर्म म्हणायचे, इंकहॉर्न म्हणजे शिंगाची दौत, थोडक्यात शाई खर्च करून केलेले बोजड शब्द. केंब्रिजचा प्राध्यापक जॉन चीक तर म्हणायचा की आपली भाषा बाहेरच्या भेसळीशिवाय स्वच्छ राहिली पाहिजे, आणि बायबलमधल्या मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचं भाषांतर करताना त्यानं क्रुसिफाइड ऐवजी क्रॉस्ड लिहिलं आणि ल्युनॅटिक म्हणजे वेडा, हा शब्द लॅटिन ल्युना म्हणजे चंद्र यावरून आलेला, त्याच्या ऐवजी मून पासून मून्ड असा शब्द पाडला. आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, पुढे सावरकरांची भाषाशुद्धी आली, त्यामुळे चीकची तळमळ आपल्याला चटकन समजते. फरक एवढाच की सावरकरांचे महापौर आणि दिनांक टिकले, चीकचा मून्ड काही टिकला नाही.

पण कुठला शब्द राहणार आणि कुठला मरणार हे त्या काळात कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि याचा सगळ्यात भारी पुरावा म्हणजे बेन जॉन्सनचं 1601 चं नाटक पोएटास्टर. त्यात एका भंपक कवीला औषधाच्या गोळ्या देऊन त्याच्या पोटातले जड शब्द एकेक करून ओकायला लावतात. त्या शब्दांत व्हेंटॉसिटस, ऑब्स्टुपेफॅक्ट असले आज कुणीही न ऐकलेले शब्द आहेत, पण त्याच यादीत रेसिप्रोकल, डिफंक्ट, स्ट्रेन्युअस, कॉन्शस आणि चक्क क्लम्झी पण आहेत! कॉन्शस शब्दावर हसणारा प्रेक्षक डोळ्यासमोर आणून बघा. म्हणून अमका शब्द कोण वापरतं असं म्हणून कुणी एखादा शब्द उडवून लावला की मला ते पटत नाही.

कॉड्रीनंतर 1623 मध्ये हेन्री कॉकरम आला आणि त्यानं गंमत उलटी केली. त्याच्या डिक्शनरीत एक भाग असा की साधा शब्द द्या आणि त्याचा भारदस्त शब्द घ्या. म्हणजे समजून घेण्यासाठी नाही, वापरून छाप पाडण्यासाठी. माझ्या मते आजच्या सगळ्या व्होकॅब धंद्याची दोन टोकं इथेच ठरली, कॉड्रीचं वाचून कळण्याचं आणि कॉकरमचं दिसण्याचं. रोजचे साधे शब्द डिक्शनरीत रीतसर घ्यायला 1702 उजाडावं लागलं, आणि मग 1755 ला सॅम्युअल जॉन्सनची ती मोठी डिक्शनरी आली, चाळीस हजारांवर शब्दांची.

शब्दसंग्रह म्हणजे यश हे समीकरण मात्र अमेरिकन आहे. जॉन्सन ओकॉनर नावाचा माणूस 1922 पासून जनरल इलेक्ट्रिकच्या लिन इथल्या कारखान्यात कामगारांच्या क्षमता तपासायच्या टेस्ट घ्यायचा, त्यातून त्याला दिसलं की वरच्या पदावरच्या लोकांचा शब्दसंग्रह मोठा असतो, आणि 1934 मध्ये त्यानं त्यावर एक लेख लिहिला तो खूप गाजला. आता शब्दांमुळे माणूस वर गेला की ज्या घरात, ज्या शाळेत तो वाढला त्यामुळे दोन्ही आलं, हा प्रश्न तिथेच राहतो, पण लोकांनी सोपा अर्थ घेतला, शब्द शिका आणि पुढे जा. 1945 पासून रीडर्स डायजेस्टमध्ये विल्फ्रेड फंकचं शब्दांचं सदर सुरू झालं आणि 1949 मध्ये नॉर्मन लुइसचं वर्ड पॉवर मेड इझी आलं, जे आजही पुण्यात अप्पा बळवंत चौकात हमखास मिळतं. लुइसचं मला आवडतं कारण तो यादी देत नाही, तो लॅटिन-ग्रीक धातू धरून शब्दांची अख्खी कुटुंबं दाखवतो.

दुसरीकडे परीक्षा. सॅट, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाची परीक्षा, 1926 ला सुरू झाली तेव्हापासून त्यात विरुद्धार्थी शब्द होते, पुढे तिथल्या पदवीनंतरच्या शिक्षणासाठीच्या जीआरईत पण हेच, आणि त्यातूनच आपल्याकडे अमेरिकेला जाणाऱ्या पोरांच्या हातात बॅरन्स या प्रकाशनाची ती साडेतीन हजार शब्दांची यादी आली, झेरॉक्सची झेरॉक्स काढलेली. गंमत बघा, सॅटनं विरुद्धार्थी शब्द 1994 मध्येच काढले, जीआरईनं 2011 मध्ये, आणि 2016 च्या नव्या सॅटमध्ये तर दुर्मिळ शब्दांवरचा भर मुद्दाम कमी केला. आपल्या एसएससीच्या, म्हणजे केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठीच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या, परीक्षेत मात्र वन वर्ड सब्स्टिट्यूशन, म्हणजे शब्दसमूहाबद्दल एक शब्द, अजून आहे, त्यामुळे यादी काही सुटत नाही.

एक उलटा प्रवाह पण होता आणि तो तेव्हाच्या अखंड हिंदुस्थानातून निघाला हे फार कमी लोकांना माहीत आहे. मायकेल वेस्ट 1920 च्या दशकात ढाक्यात शिकवायचा, बंगाली मुलांना इंग्रजी पुस्तकं वाचताना होणारा त्रास त्यानं बघितला आणि दुर्मिळ शब्द काढून जे वारंवार येतात ते आधी शिकवायची पद्धत बसवली, त्यातूनच 1953 ची त्याची साधारण 2000 शब्दांची प्रसिद्ध यादी झाली. ज्याचा हा पाया अजून पक्का नाही त्यानं दुर्मिळ शब्दांच्या मागे लागू नये असं मला मनापासून वाटतं.

पण पाया झाला असेल तर मराठी माणसाकडे एक किल्ली आधीच आहे. 1786 मध्ये कलकत्त्यात तिथला न्यायाधीश विल्यम जोन्सनं संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं सांगितलं, आणि ते नातं अवघड शब्दांतच जास्त दिसतं. आपला अग्नी इग्नियस म्हणजे अग्निजन्य मध्ये आहे, सर्प सर्पंटाइन म्हणजे नागमोडी मध्ये, दंत डेंटिस्ट मध्ये, आजानुबाहू मधला जानु म्हणजे गुडघा तो जेन्युफ्लेक्ट मध्ये, गुडघा टेकून नमस्कार करणं. आणि लांबलचक शब्दांना इंग्रजीत जो शब्द आहे, सेसक्विपेडेलियन, तो रोमन कवी होरेसनं असल्या शब्दांना दीड दीड फुटी म्हटलं होतं त्यावरून आलाय, सेसक्वि म्हणजे दीड आणि पेड म्हणजे आपलाच संस्कृत पाद, पाय.