'नवा करार' हे आधी पुस्तकाचे नाव नव्हते
'नवा करार म्हणजे फक्त बायबलचा दुसरा भाग, आणि तो आल्यावर जुने शास्त्र रद्द झाले' हा समज फार दिवस चालत आला आहे, पण तो चुकीचा आहे. हे शब्द मुळात यहुदी शास्त्रातलेच, म्हणजे ख्रिस्ती लोक ज्याला 'जुना करार' म्हणतात त्यातलेच आहेत. येशूच्या सुमारे ६०० वर्षे आधी यिर्मया संदेष्ट्याने सांगितले होते की, देव इस्राएल व यहूदा यांच्या घराण्यांशी नवा करार करील, आपले नियमशास्त्र त्यांच्या हृदयावर लिहील आणि त्यांच्या पापांची क्षमा करील (यिर्मया ३१:३१–३४). शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने प्याला देताना, हा आपल्या रक्तातला नवा करार आहे, असे म्हटले (लूक २२:२०), तेव्हा आज 'नवा करार' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २७ पुस्तकांपैकी एकही लिहिले गेले नव्हते.

'करार' म्हटले की आपल्याला दोन बरोबरीच्या पक्षांतला व्यवहार आठवतो. ख्रिस्ती श्रद्धेत मात्र पुढाकार देवाचा आहे आणि माणूस तो कृपेने स्वीकारतो. या २७ पुस्तकांपैकी 'इब्री लोकांस पत्र' हे पुस्तक पहिल्या कराराला, म्हणजे मोशेद्वारे इस्राएलाशी झालेल्या कराराला, जीर्ण म्हणते (८:१३), हे खरेच. परंतु तो मुद्दा याजकपण आणि यज्ञविधी यांच्या चर्चेत येतो, आणि त्याला आधार म्हणून यिर्मयाचेच वचन दिलेले आहे. दुसऱ्या शतकात मार्कियोन या ख्रिस्ती शिक्षकाने यहुदी शास्त्र टाकून द्यावे असे शिकवले, तेव्हा रोमच्या मंडळीने त्यालाच बाहेर काढले.