म्युलर: गावागणिक एक

पुण्यात बोट क्लब रोडला जायचं असलं की रिक्षावाल्याला 'मॅक्समुल्लर भवन' एवढं सांगितलं तरी पुरतं. जर्मन शिकवणाऱ्या या संस्थेला जगात बाकी सगळीकडे गोएथे इन्स्टिट्यूट म्हणतात. भारतात मात्र तिने ऋग्वेदाच्या संपादकाचं नाव लावलं. हा फ्रिडरिक मॅक्स म्युलर 1823 साली देसाऊ गावी जन्मला आणि पुढे ऑक्सफर्डला स्थायिक झाला. सायणभाष्यासह ऋग्वेद त्याने 1849 ते 1874 अशी पंचवीस वर्षं खपून छापून काढला. लोकमान्य टिळक 1897-98 मध्ये तुरुंगात असताना त्याच ऋग्वेदाची दुसरी आवृत्ती त्याने त्यांना वाचायला पाठवली होती आणि त्यांच्या सुटकेसाठीच्या अर्जावर सहीही केली होती.

या गृहस्थाने संस्कृतात स्वतःचं नाव करून घेतलं 'मोक्षमूलर'. ऑक्सफर्डचं केलं 'गोतीर्थ'. ऑक्स म्हणजे बैल आणि फोर्ड म्हणजे नदीचा उतार, त्यामुळे ते भाषांतर चोख आहे. मोक्षमूलर मात्र निव्वळ ध्वनीचा खेळ. मोक्षाचं मूळ वगैरे काही नाही. म्युलर म्हणजे गिरणीवाला. दळण दळून देणारा.

आणि हे आडनाव त्याला फार सामान्य वाटायचं. म्हणून त्याने एक युक्ती केली. ती शेवटी सांगतो, कारण आधी 'सामान्य' म्हणजे किती सामान्य ते बघायला हवं.

2005 सालच्या जर्मन टेलिफोन नोंदींत म्युलर आडनावाच्या अडीच लाखांहून जास्त फोन-जोडण्या सापडल्या. एका जोडणीमागे घरातली माणसं धरली तर हा आकडा सात लाखांच्या आसपास जातो. दुसऱ्या क्रमांकावरचा श्मिट, म्हणजे लोहार, एक लाख नव्वद हजार जोडण्यांवर. त्यामागे श्नायडर (शिंपी), फिशर (मासे धरणारा), वेबर (विणकर), मायर (जमीनदाराचा कारभारी), वाग्नर (गाडे बनवणारा), बेकर (पाव भाजणारा), शुल्त्स आणि हॉफमान (मोठ्या वाड्या-शेतीवरचा माणूस). पहिली दहाच्या दहा आडनावं धंद्यांची नाहीतर हुद्द्यांची. शेजारच्या डेन्मार्कात गेलात तर यादीत वर दिसतात येन्सन, नील्सन, म्हणजे येन्सचा मुलगा, नील्सचा मुलगा. जर्मनांनी बापाच्या नावापेक्षा बापाचं काम लक्षात ठेवलं.

आता यादीत कोण नाही ते पाहा. शेतकरी नाही. जर्मनमध्ये शेतकऱ्याला बाउअर म्हणतात. आडनाव म्हणून बाउअर आहे, पण पहिल्या दहांत त्याला जागा नाही. मध्ययुगात दर दहा माणसांतली सात-आठ तरी शेतावर राबत असतील. मग आडनावांत पहिला नंबर त्यांचा का नाही?

कारण आडनाव माणूस स्वतः लावून घेत नव्हता, शेजारी लावत. बाराव्या शतकापासून दक्षिण आणि पश्चिम जर्मनीतल्या शहरांत लोकवस्ती दाटली. एकेका गल्लीत चार-चार योहानेस आणि पाच-पाच हाइनरिश झाले. करवसुली करणाऱ्यालाही कोणता योहानेस ते कळेना. अशा वेळी खूण म्हणून जे नाव लावायचं ते वेगळेपण सांगणारं हवं. शेतकऱ्यांच्या गावात 'योहानेस शेतकरी' म्हणून काय उपयोग? 'योहानेस गिरणीवाला' म्हटलं की सगळ्यांच्या माना एकाच घराकडे वळतात, कारण गावात गिरणी एकच. म्हणजे जो धंदा खूप लोक करत त्याचं आडनाव झालं नाही; जो धंदा प्रत्येक गावात होता, पण गावात एकालाच होता, त्याचं झालं.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. पाटील आणि कुलकर्णी महाराष्ट्रभर पसरले ते याच कारणाने. गावोगाव शेती करणारे शेकडो, पाटील एक. वरच्या यादीतला शुल्त्स तर थेट आपला पाटीलच म्हणायचा. त्याचं मूळ रूप शुल्तहाइस. लोकांना त्यांचं देणं, त्यांची कर्तव्यं बजावायला लावणारा गावाचा प्रमुख, असा त्याचा अर्थ.

मात्र दळणावरून पडलेलं आडनाव आपल्याकडे सहज सापडत नाही. आपलं दळण घरातल्या जात्यावर, पहाटे, बायकांच्या हातचं. त्यातून ओव्या आल्या, आडनाव आलं नाही. जर्मन मुलखात दळण घराबाहेर गेलं ते पाण्यामुळे. पाणचक्की म्हटलं की आपल्याला छत्रपती संभाजीनगरची एकच आठवते. तिकडे ओढ्याओढ्यावर चक्क्या फिरत होत्या. त्या बांधणं खर्चिक काम, त्यामुळे मालकी बहुधा जमीनदाराची किंवा मठाची. अनेक ठिकाणी नियम असा की या गावच्या लोकांनी आपलं धान्य याच गिरणीत दळायचं, शेजारच्या गावी न्यायचं नाही. गिरणीवाल्याला मजुरी पैशांत मिळत नसे. दळायला आलेल्या धान्यातूनच तो ठरलेल्या मापाने आपला वाटा काढून घेई.

माप त्याच्या हातात, गिऱ्हाईकाला दुसरीकडे जायची मुभा नाही. अशा माणसाबद्दल गाव काय बोलेल ते सांगायला नको. गिरणीवाला चोर असतो ही समजूत इतकी पक्की होती की कित्येक ठिकाणी त्याचा धंदा कमी प्रतीचा मानत आणि त्याच्या मुलांना इतर कारागिरांच्या संघांत घ्यायला कुरकुर करत. जर्मन मुलूख तेव्हा ज्यात येई त्या पवित्र रोमन साम्राज्याच्या 1548 च्या फर्मानात विणकर, न्हावी, मेंढपाळ यांच्याबरोबर गिरणीवाल्यांचंही नाव घालून बजावावं लागलं की यांच्या पोरांना वगळू नका. आज सात लाख लोक जे नाव दारावर लावतात, ते एके काळी गावाने थोडं तोंड वाकडं करूनच उच्चारलेलं असणार.

तोंडाचा विषय निघालाच आहे तर उच्चाराकडे वळू. जर्मन लिपीत या नावातल्या 'उ'वर दोन टिंबं असतात. त्याचा उच्चार ना 'मु' ना 'मि'. करून बघा: 'इ' म्हणा आणि जीभ तिथेच राहू द्या. आता नुसते ओठ 'उ' म्हणताना होतात तसे गोल करा. जो विचित्र आवाज निघेल तो तो स्वर. शेवटचा 'र' जवळजवळ गिळायचा, 'म्युल-अ' असं काहीसं. मराठीत हा स्वर नाही, म्हणून आपण कधी 'म्यु' तर कधी 'मु' लिहून वेळ मारून नेतो.

हा स्वर आला कुठून? मूळ शब्द लॅटिन. 'मोला' म्हणजे जात्याचा दगड, त्यावरून 'मोलिना' म्हणजे चक्की आणि 'मोलिनारिउस' म्हणजे चक्कीवाला. रोमन लोकांची पाणचक्की उत्तरेकडे गेली, तिच्याबरोबर शब्दही गेला. जुन्या जर्मनमध्ये त्याचं झालं 'मुलिनारी'. आता जिभेचा आळस बघा. 'मु' म्हणताना जीभ मागे असते, 'लि' म्हणताना तिला पुढे यावं लागतं. पिढ्यानपिढ्या बोलता बोलता जीभ आधीच पुढे सरकून बसू लागली, ओठ मात्र 'उ'साठी गोलच राहिले. म्हणजे वरचा प्रयोग तुम्ही मुद्दाम केलात, तो जर्मन भाषेत आपोआप घडला. नंतर मधला 'इ' झिजून गेला, त्याने पुढे ओढलेला स्वर तेवढा उरला. पूर्वी अक्षराच्या डोक्यावर बारीकसा 'ई' (रोमन e) लिहीत. घाईघाईत तो दोन रेघांचा झाला आणि पुढे दोन टिंबांचा.

प्रयोगाचा दुसरा भागही करा. जीभ न हलवता ओठ सैल सोडा. 'मिलर' ऐकू येईल. दक्षिण जर्मनीतल्या बोलींनी हेच केलं, म्हणून तिकडे अस्सल जर्मन मिलरही आहेत. म्युनिकचं प्रसिद्ध विज्ञान संग्रहालय, डॉइचेस म्युझियम, 1903 मध्ये स्थापन करणारे इंजिनिअर ऑस्कर फॉन मिलर हे त्यांतले; इंग्रजांशी त्या नावाचा काही संबंध नाही. उत्तरेला, समुद्राकडे, तोच माणूस म्योलर होतो. पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या विद्वानांना साधं नाव नको असायचं, ते लॅटिन करून 'मोलिटर' लावत. हॉलंडचा मोलनार आणि मुल्डर, हंगेरीचा मोल्नार, फ्रान्सचा मन्ये, इटलीचा मोलिनारी हे सगळे एकाच लॅटिन दगडाखालून निघालेलं पीठ. स्वित्झर्लंडमध्येही म्युलर पहिल्या क्रमांकावर आहे. ऑस्ट्रियात मात्र पहिला मान ग्रुबर नावाला, म्हणजे खळग्यात, दरीत राहणाऱ्याला. डोंगराळ मुलखात माणूस कुठे राहतो हीच खूण जास्त उपयोगी पडत असावी.

जहाजाने अमेरिकेला गेलेल्या म्युलरांपैकी पुष्कळांची टिंबं वाटेत गळाली आणि ते मिलर झाले. अमेरिकेच्या 2010 च्या जनगणनेत मिलर सातव्या क्रमांकावर आहे, साडेअकरा लाखांहून जास्त लोक. त्यांत इंग्लंडचे किती आणि म्युलरचे मिलर झालेले किती, हे नुसत्या नावावरून सांगता येत नाही. घरी राहिलेल्यांचंही टिंबांपायी अडतं. जर्मन पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात त्यांत टिंबं चालत नाहीत, तिथे 'उ'नंतर 'ई' लिहितात. म्हणजे एकाच पानावर वर एक स्पेलिंग, खाली दुसरं. हस्तलिखितांतला तो 'ई' परत आला म्हणायचा, फक्त डोक्यावरून उतरून शेजारी बसला.

मग हे सात लाख म्युलर एकमेकांचे भाऊबंद का? मुळीच नाहीत. हे नाव हजारो गावांत, एकमेकांना न विचारता, स्वतंत्रपणे पडलं. बापाकडून मुलाकडे दोन गोष्टी जातात: आडनाव आणि वाय गुणसूत्र. त्यामुळे दोन्ही एकत्र चालतात का हे तपासता येतं. इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2009 मध्ये ब्रिटिश आडनावांवर हा अभ्यास प्रसिद्ध केला. दुर्मीळ आडनावांच्या पुरुषांत वाय गुणसूत्रं बरीच जुळली, मूळ पुरुष एखाद-दुसराच. पण स्मिथ, म्हणजे लोहार, या आडनावाचे दोन पुरुष एकमेकांना तितकेच परके निघाले जितके रस्त्यावरचे कुणीही दोघे. म्युलरचं घडणं स्मिथसारखंच, तेव्हा तिथेही हेच अपेक्षित.

आणि इतक्या जागी जन्मल्यामुळेच हे आडनाव टिकलं. आडनावं मरतात, आणि किती झपाट्याने मरतात याचं गणित इंग्लिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने 1873 मध्ये कोडं म्हणून मांडलं. पुढच्या वर्षी हेन्री वॉटसनबरोबर त्याने त्यावर निबंध लिहिला. समजा एकाच माणसापासून एक आडनाव सुरू झालं आणि प्रत्येक पुरुषाला सरासरी एक मुलगा होतो. सरासरी एक, म्हणजे कुणाला दोन, कुणाला तीन, पुष्कळांना एकही नाही. मुलांची ही वाटणी निव्वळ योगायोगाची धरली, तर पहिल्याच पिढीत आडनाव बुडण्याची शक्यता 37 टक्के येते. पाचव्या पिढीपर्यंत 73 टक्के. दहाव्या पिढीपर्यंत, म्हणजे साधारण तीनशे वर्षांत, 84 टक्के. लोकसंख्या वाढती असेल तर चित्र जरा बरं दिसतं, पण दुर्मीळ नावावर टांगती तलवार राहतेच. ज्या नावाची हजार गावांत हजार मुळं आहेत त्याला काळजी नाही. शंभर-दोनशे फांद्या वठल्या तरी झाड हिरवंच.

गिरण्या मात्र वठल्या. वाफ आणि विजेवरच्या मोठ्या कारखान्यांपुढे ओढ्याकाठच्या चक्क्या टिकेनात. 1957 मध्ये पश्चिम जर्मनीने कायदाच केला. त्यात गिरणी बंद करणाऱ्या मालकाला भरपाई देण्याची सोय होती. आता जुन्या गिरण्या बघायला लोक दरवर्षी ईस्टरनंतर सातेक आठवड्यांनी येणाऱ्या एका सोमवारी जातात, त्याला 'गिरणी दिन' म्हणतात. या उद्योगात शिकाऊ म्हणून लागणाऱ्या तरुणाच्या अभ्यासक्रमाचं अधिकृत नावही बदललं. 'म्युलर' नव्हे, 'फेरफारन्सटेक्नोलोगे', म्हणजे प्रक्रिया-तंत्रज्ञ. हे आडनाव कुणाला पडेल असं वाटत नाही.

खरं तर नावाची आणि धंद्याची फारकत फार आधीच झाली होती. 1876 पासून सबंध जर्मनीत सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी आली आणि स्पेलिंगसुद्धा गोठलं. पण त्याच्याही आधी किती म्युलर दळत होते? आपल्या मॅक्सचे वडील विल्हेल्म म्युलर कवी होते. गिरणीत काम करणाऱ्या एका पोराच्या फसलेल्या प्रेमावर त्यांनी कविता लिहिल्या, संगीतकार शूबर्टने त्यांना चाली दिल्या आणि त्या अजरामर झाल्या. या विल्हेल्मचे वडील शिंपी होते. धंद्याने श्नायडर, नावाने म्युलर.

आणि मॅक्सची युक्ती ही: जर्मनीत जिकडेतिकडे म्युलर, त्यात आपण हरवून जाऊ, म्हणून त्याने पहिल्या नावातला 'मॅक्स' आडनावालाच जोडून टाकला आणि 'मॅक्स म्युलर' हे घराण्याचं नाव केलं. हजार मुळांचं नाव सोडून एका माणसापासून सुरू होणारं नाव घेतलं, गाल्टनने मांडलं होतं अगदी तसं. त्याला चार मुलं झाली. तीन मुली, एक मुलगा.