पानगळीच्या मोसमासाठी अंगण आणि बागेची तयारी

जिथे हिवाळ्यात पाणी गोठतं अशा थंड हवामानाच्या भागात उन्हाळा सरला की घराभोवतीची लॉन, झाडं, छपराच्या पन्हळी, बाहेरचे नळ, कुंड्या, फर्निचर हे सगळं पुढच्या थंडीसाठी आवरून ठेवतात, त्या कामांना मिळून ही तयारी म्हणायचं. उत्तर गोलार्धात हा काळ साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर, दक्षिणेत मार्च ते मे. बऱ्याच जणांना वाटतं की यातलं मुख्य काम पानं झाडायचं, पण खरं म्हणजे आधी पाण्याकडे बघायला हवं, महागातलं नुकसान तिथेच होतं, आणि पानं तर उलट बागेच्या उपयोगाची असतात.

पाणी गोठलं की त्याचं आकारमान जवळपास ९ टक्क्यांनी वाढतं. बाहेरच्या नळाला होज, म्हणजे बागेला पाणी घालायचा लवचिक पाईप, तसाच लावलेला राहिला तर पाणी आत अडकतं, गोठतं, आणि पाईप बरेचदा भिंतीच्या आतच तडकतो, जे पुढे वसंतात नळ सोडल्यावर ओल दिसली की कळतं. म्हणून होज काढून रिकामा करायचा, त्या नळाचा घरातला व्हॉल्व्ह बंद करायचा आणि मग बाहेरचा नळ उघडून उरलंसुरलं पाणी जाऊ द्यायचं. जमिनीखाली स्प्रिंकलरची लाईन असेल तर कॉम्प्रेसरच्या हवेने पाणी बाहेर काढतात, हे मात्र माहीतगार माणसाकडूनच करून घ्यावं कारण प्रेशर जास्त झालं तर लाईनच फुटते. मातीच्या कुंड्यांचंही तेच, त्यांच्या छिद्रांत मुरलेलं पाणी गोठलं की कुंडी तडकते, त्या रिकाम्या करून आडोशाला ठेवाव्यात.

पन्हळी बहुतेक पानं गळून झाल्यावर साफ करायच्या, नाहीतर तुंबलेलं पाणी छपराच्या कडेने भिंतीत आणि घराच्या पायात मुरतं. पन्हळीतून खाली येणाऱ्या पाईपचं तोंड घरापासून लांब वळवलेलं आहे ना तेही बघून घ्यायचं. शिडीवर एकट्याने चढू नये, खाली धरायला कोणीतरी हवंच.

आता पानं. दिवस लहान होतात तसं झाड पानातलं हरितद्रव्य मोडून पोषक द्रव्यं परत आत ओढून घेतं, देठापाशी एक पेशींचा थर तयार होतो आणि पान सुटतं. लॉनवर पानांचा जाड ओला थर राहिला तर गवताला उजेड मिळत नाही, बुरशी धरते, तो काढायलाच हवा. पण पिशव्यांत भरून फेकून देणं म्हणजे चांगलं खत फेकून देणं आहे! पातळ थर असेल तर त्यावरून मोवर (गवत कापायचं यंत्र) फिरवा, बारीक तुकडे गवतातच कुजतात. जास्तीची पानं एका कोपऱ्यात ढीग करून ओलसर ठेवली की वर्ष-दोन वर्षांत छान काळं खत होतं, आणि झुडपांखाली पडलेली तर हलवूच नयेत, कारण फुलपाखरं-पतंगांचे कोष, लेडीबग असले जीव थंडीत तिथेच आसरा घेतात. वाळलेल्या फुलांचे दांडे पण वसंतापर्यंत राहू द्यावेत, बिया पक्षी खातात आणि पोकळ दांड्यांत काही जातींच्या मधमाश्या राहतात. अगदी चकाचक अंगण या जीवांच्या मुळावर येतं, म्हणून थोडा पसारा मुद्दाम ठेवायला हवा. फक्त रोग पडलेली पानं वेगळी काढायची, ती खतात नकोत. आणि पायवाटेवरची, पायऱ्यांवरची ओली पानं लगेच झाडायची, पाय घसरतो.

थंड हवामानातल्या गवताचं बी पेरायला मोसमाची सुरुवात सगळ्यात चांगली, माती अजून उबदार असते आणि तण कमी. ट्युलिप, डॅफोडिलचे कंद पण आत्ताच लावतात, कंदाच्या उंचीच्या दोन ते तीन पट खोल, त्यांना फुलायला काही आठवड्यांची थंडी लागतेच. डेलिया आणि ग्लॅडिओलसचं बरोबर उलटं, त्यांचे कंद कडाक्याच्या थंडीत कुजतात म्हणून काढून कोरड्या जागी ठेवायचे.

छाटणीची मात्र घाई नको. आत्ता मोठी छाटणी केली तर नवी कोवळी फूट येते आणि थंडीत मरते, आणि लायलॅकसारख्या वसंतात फुलणाऱ्या झुडपांच्या कळ्या आधीच धरलेल्या असतात, त्याच कापल्या जातात. मोडकी, वाळकी, रोगट फांदी तेवढी काढावी. सदाहरित झाडांना जमीन गोठेपर्यंत पाणी देत राहायचं, कारण हिवाळ्यातही त्यांच्या पानांतून पाणी उडतं पण गोठलेल्या मातीतून मुळांना ते ओढता येत नाही, मग पानं करपतात. बुंध्याभोवती ५ ते १० सेंटीमीटर आच्छादन घालायचं, पण खोडाला चिकटवायचं नाही.

शेवटी अवजारं माती काढून, कोरडी करून, तेलाचा हात फिरवून ठेवायची, बॅटरीवर चालणाऱ्या अवजारांची लिथियम बॅटरी घरात आणायची, बाहेरच्या फर्निचरच्या गाद्या-उशा आत घ्यायच्या. ग्रिलचा गॅस सिलिंडर मात्र घरात किंवा गॅरेजमध्ये कधीच नाही, तो बाहेर मोकळ्या हवेत उभाच ठेवायचा.