शाळेतला अलार्म आणि इमारतीचं जन्मसाल

नौपाड्यातली एखादी जुनी, कौलारू व्हरांड्याची शाळा घ्या आणि घोडबंदर रोडवर अलीकडे उभी राहिलेली पाच मजली शाळा घ्या. आग लागली तर वर्गातल्या मुलांना ते कळणार कसं, याचं उत्तर दोन्हीकडे वेगळं मिळेल. एकीकडे तास संपल्यावर वाजते तीच घंटा शिपाई जोरजोरात बडवणार. दुसरीकडे छताला स्मोक डिटेक्टर, जिन्यापाशी काच फोडायचा लाल डबा, प्रत्येक मजल्यावर हूटर आणि ऑफिसात पॅनेल, म्हणजे या सगळ्याचा नियंत्रण-फलक. हा फीचा फरक आहे असं पालक म्हणतात, आणि ते अगदीच खोटं नाही. पण त्याहून मोठं कारण इमारतीच्या मंजूर नकाशावरच्या तारखेत असतं. इमारतीला साधारणपणे ती मंजूर झाली तेव्हाचा नियम लागतो. नंतर नियम कडक झाला तरी जुनी इमारत आपोआप त्यात येत नाही.

राष्ट्रीय इमारत संहिता पहिल्यांदा आली 1970 साली. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापनाही त्याच वर्षीची. त्यामुळे वाशी-नेरूळच्या सेक्टरांतली एकही शाळा संहितेच्या आधीची नाही. ठाण्याचं तसं नाही. संहितेच्या पुढच्या आवृत्त्या आल्या 1983, 2005 आणि 2016 साली. अलार्म कोणता लागेल हे ती इमारतीचा वापर आणि उंची पाहून ठरवते, आणि 15 मीटरपासून पुढे इमारत उंच समजते. मजला 3.6 मीटरचा धरला तर तळमजला अधिक तीन मजले म्हणजे 14.4 मीटर. आणखी एक चढवला की 18. म्हणून ‘वर फक्त चार वर्ग वाढवतोय’ म्हणणाऱ्या संस्थाचालकाला फायर एनओसीच्या, म्हणजे अग्निशमन दलाच्या ना-हरकत दाखल्याच्या वेळी घाम फुटतो.

संहिता मुळात शिफारसवजा आहे. तिला धार येते ती राज्याच्या कायद्याने. आपल्याकडे तो म्हणजे 2006 चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम. बांधकामापुरतं बोलायचं तर 2020 ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही महापालिकांना लागू आहे.

जुन्या इमारतीला सूट दिल्याची किंमत शिकागोने 1 डिसेंबर 1958 रोजी मोजली. अवर लेडी ऑफ द एंजल्स ही तिथली 1910 च्या सुमाराची शाळा. शहराचे 1949 चे नियम नव्या बांधकामांपुरतेच होते. काही आठवड्यांपूर्वीच शाळा तपासणीत पासही झाली होती. तळघरात जिन्याच्या पायथ्याशी आग लागली. पहिल्या पातळीवर जिन्याला दार होतं, वरच्या पातळीवर नव्हतं, त्यामुळे धूर सरळ वर चढला. अलार्म होता, पण तो फक्त इमारतीतच वाजायचा, अग्निशमन दलाशी जोडलेला नव्हता. तो वाजला तोवर वरच्या मजल्यावरचा पॅसेज धुराने भरला होता. 92 मुलं आणि 3 शिक्षिका गेल्या. त्यानंतर अमेरिकेत अनेक ठिकाणी नियम जुन्या शाळांनाही लावले गेले. आपल्याकडे 2004 साली कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून आग पसरून 94 मुलं दगावली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नव्या शाळांना मान्यता देताना संहितेची अट घातली, आणि जुन्या सरकारी व खासगी शाळांनाही सहा महिन्यांत अग्निशमन साधनं बसवायला सांगितलं. एवढ्या मोठ्या आदेशातही भर होता तो आग विझवण्यावर. आग कळण्याचा मुद्दा मागेच राहिला, असं मला वाटतं.

आता आवाजाचं गणित. हूटरपासून एक मीटरवर 100 डेसिबल आवाज असेल, तर मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की तो 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे 2 मीटरवर 94, 4 वर 88, 8 वर 82, 16 वर 76. मध्ये वर्गाचं बंद दार आलं की आणखी साधारण 20 गेले. उरले 56. फुल स्पीडचे पंखे आणि पाढे म्हणणारा वर्ग यांच्यापुढे 56 डेसिबलची काय कथा! किमान 65 हवेत. पॅसेजच्या भिंती आवाज थोडा परत फेकतात म्हणून प्रत्यक्षात घट जरा कमी असते, पण पॅसेजच्या टोकाला एकच हूटर लावून भागत नाही ते यामुळे.

नुसता मोठा आवाजही पुरत नाही. शाळेत दिवसभर घंटा वाजतच असते. म्हणून आगीच्या इशाऱ्याला आंतरराष्ट्रीय मानकाने वेगळी लय दिली: अर्धा सेकंद आवाज, अर्धा सेकंद शांतता, असं तीनदा, मग दीड सेकंद थांबून पुन्हा तेच.

डिटेक्टरचा प्रश्न निराळा. आजच्या बहुतेक स्मोक डिटेक्टरमध्ये काळ्या कप्प्यात इन्फ्रारेड किरण सोडलेला असतो. धुराचे कण आत आले की तो विखुरतो आणि बाजूच्या सेन्सरवर पडतो. पण धूर, वाफ, धूळ आणि आत शिरलेला किडा यांतला फरक त्या सेन्सरला कळेलच असं नाही. खिचडी शिजते तिथे तो लावला तर रोज बोंब. तिथे हीट डिटेक्टर हवा, जो साधारण 57 अंशांना जागा होतो. खाडीकाठच्या दमट हवेत, पावसाळ्यात खोटे अलार्म वाढले की कुणीतरी पॅनेल सायलेंट करतं आणि ते तसंच राहतं. कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीचं फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. पालक-शिक्षक संघाच्या सभेत फॉर्म बी मागाच, पण पॅनेलवर पिवळा फॉल्टचा दिवा लागलाय का, हेही जाऊन पाहा.

2012 पासून अमेरिकेच्या आदर्श संहितेने, म्हणजे तिथल्या राज्यांनी स्वीकारायच्या नमुना नियमावलीने, शाळांमध्ये हूटरच्या जोडीला बोलका इशारा आणला. कर्कश आवाजाने लहान मुलं बावरतात, ‘मागच्या जिन्याने खाली चला’ हे कळलं की हलतात. असा संदेश इथे बसवायचा झाला तर तो मराठीत, दोन छोट्या वाक्यांत, मुलांच्या ओळखीच्या बाईंच्याच आवाजात रेकॉर्ड करून घ्यावा. खर्च फारसा नाही.