रोपाआधीची जमीन: नागपूरच्या लागवडींखालच्या मातीची पार्श्वभूमी

वृक्षलागवडीचा हिशेब आपण रोपांच्या आकड्यांत मांडतो. राज्याच्या मोहिमेचे उद्दिष्ट २०१६ मध्ये २ कोटी होते, पुढे ४ आणि १३ कोटी झाले आणि २०१९ मध्ये ३३ कोटींवर पोचले. या आकड्यांच्या गजरात रोपांखालच्या मातीतला कर्ब (कार्बन) वाढतो की घटतो, हा प्रश्न मागेच राहिला. त्याचे उत्तर झाडाच्या जातीवर अवलंबून असतेच, पण त्याहून जास्त ते तिथे आधी काय होते यावर ठरते. नागपूर परिसरात हा फरक चांगला दिसतो, कारण इथल्या लागवडी फार वेगवेगळ्या जमिनींवर उभ्या राहिल्या.

सुरुवात जंगलापासून करू. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला आली आणि इमारतींसाठी, स्लीपरसाठी मध्य प्रांतातल्या लाकडाला मागणी वाढली. साग तेव्हाही मोलाचा होता, पण तो ऐन, धावडा, बीजा, मोह यांच्या सोबतीने वाढत होता. एकसाची सागवनांना मोठे बळ मिळाले ते स्वातंत्र्यानंतर. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७२ च्या अंतरिम अहवालात उत्पादक, मानवनिर्मित वनांचा आग्रह धरला. १९७४ मध्ये महाराष्ट्र वन विकास महामंडळ स्थापन झाले, त्याचे मुख्यालय नागपुरात. कमी किमतीचे मिश्र जंगल कूपवार, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या एकेका पट्ट्यात, तोडायचे आणि त्या जागी साग लावायचा, अशी ती पद्धत होती.

मातीच्या दृष्टीने हा व्यवहार पहिली काही वर्षे तोट्याचाच असतो. सावली गेली की जमीन तापते, जुन्या मुळ्या आणि पालापाचोळा भराभर कुजतो, आणि कोवळ्या रोपांकडून परत येणारा पाला नगण्य असतो. साफसफाईसाठी काडीकचरा जाळला तर त्यातले बरेचसे नत्र हवेत निघून जाते. राखेतले कॅल्शियम आणि पालाश मागे उरते, पण बरड उतारावरून पहिला जोरदार पाऊस त्यातला वाटा वाहून नेतो. पुढे झाडांचे शेंडे जुळले, पानगळ भरपूर होऊ लागली की वरच्या काही सेंटिमीटर थरात कर्ब पुन्हा साठू लागतो. खालच्या थरांना त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो. शिवाय सागाखाली झुडपे-गवत नसेल तर त्याच्या रुंद पानांवरून पडणारे टपोरे थेंब उघडी माती उकरतात. वणवा लागला तर वर्षभराचा पाला एका दुपारीच संपतो.

२००२ मध्ये जगभरातल्या अभ्यासांचा एक एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. नैसर्गिक जंगलाच्या जागी लागवड केली तर मातीतला कर्ब सरासरी १३ टक्के घटला, कुरणाच्या जागी १० टक्के घटला, आणि शेतजमिनीवर मात्र १८ टक्के वाढला.

शेतीच्या बाबतीत हे उघडच आहे. वर्षानुवर्षांच्या नांगरणीने काळ्या जमिनीतला सेंद्रिय कर्ब आधीच उतरलेला असतो. तिथे बांधावर वा पडिकात कुठलेही झाड काही ना काही भर घालते. सामाजिक वनीकरणाच्या काळात गाजलेले सुबाभूळ मुळांवरच्या गाठींत हवेतले नत्र बांधते, नीलगिरी तसे करत नाही.

खाणींच्या ढिगाऱ्यांवर तर माती म्हणावी असे काहीच नव्हते. सावनेर तालुक्यातल्या गुमगाव मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने केलेले काम म्हणूनच महत्त्वाचे आहे. साखर कारखान्यात रस गाळल्यावर उरणारी मळी (प्रेसमड), नत्र बांधणारे जिवाणू आणि मुळांना स्फुरद मिळवून देणारी मायकोरायझा बुरशी देऊन तिथे साग, शिसू, कडुनिंब अशी झाडे वाढवली गेली. आधी सूक्ष्मजीव, मग झाड, हा क्रम मला त्यातला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो. अर्थात शून्याजवळून सुरू झालेली वाढ टक्क्यांत सांगितली की डोळे दिपतात. अशा ठिकाणी हेक्टरी किती टन कर्ब साठला तेच विचारावे.

मोजणीतही आपल्या मातीची एक खोच आहे. अमरावती रोडवरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोच्या शास्त्रज्ञांनी देशाच्या जमिनीतला कर्ब मांडताना सेंद्रिय आणि असेंद्रिय असे दोन हिशेब वेगळे ठेवले. वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये सुमारे साडेनऊ अब्ज टन सेंद्रिय, तर चार अब्ज टनांहून थोडा जास्त असेंद्रिय कर्ब निघाला. विदर्भातल्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे सर्रास सापडतात, आणि त्यांतला असेंद्रिय कर्ब पानगळीतून आलेला नसतो. सेंद्रिय कर्ब मोजण्याची १९३४ पासून रूढ असलेली वॉकली-ब्लॅक चाचणी चुनखडी मोजत नाही. पण नमुना उच्च तापमानाला जाळून एकूण कर्ब काढला, तर चुनखडीचा वाटा वजा करावा लागतो.

आता प्रश्न तोडणीचा आहे. सागाच्या सालीत कॅल्शियम भरपूर असते. लाकूड सालीसकट डेपोत गेले तर ते कूपातून कायमचे जाते, आणि साल जागीच सोलून टाकली तर मातीत परतते. पुढच्या लागवडीला किती कसदार जमीन मिळेल, हे विरळणी (दाट झाडांतली काही मधूनच काढणे) आणि अखेरची तोडणी कशी केली जाते यावर बरेचसे ठरेल.