पटका (कमरवस्त्र)

पटका : सैल अंगरखा किंवा जामा कमरेशी आवळून धरण्यासाठी गुंडाळून बांधायचे लांब, अरुंद वस्त्र. प्रदेशपरत्वे त्याला कमरबंद किंवा शेला असेही म्हटले जाते. मराठी वाचकाला पटका म्हटल्यावर आधी आठवतो तो डोक्याला बांधायचा कोल्हापुरी पटका, नाहीतर मराठ्यांचे जरीपटका हे निशाण. या नोंदीचा विषय मात्र कमरेचा पटका हाच आहे. सोळाव्या ते अठराव्या शतकांत दिल्लीपासून दख्खनपर्यंतच्या दरबारी पोशाखात पगडीच्या खालोखाल मान या वस्त्राला होता. मूळ काम संपल्यावरही ते मानचिन्ह म्हणून निरनिराळ्या रूपांत टिकून राहिले.

कमर कापडाने बांधण्याची चाल भारतात फार जुनी आहे. बौद्ध भिक्षूला जवळ ठेवता येणाऱ्या आठ वस्तूंमध्ये तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे फडके यांच्याबरोबर कायबंधन म्हणजे कमरेची पट्टी मोजली जाते. भारहूत व सांची येथील शिल्पांतील स्त्री-पुरुषांच्या कमरेला गाठ मारून टोके समोर सोडलेली अशी वस्त्रे स्पष्ट दिसतात. न शिवलेले अधोवस्त्र जागेवर राहावे एवढीच तेव्हाची मुख्य गरज होती. पटक्याला खरे वैभव आले ते शिवलेल्या, घेरदार जाम्याबरोबर. जाम्याला बटणे नसत. तो छातीवर एकावर एक पाखा घेऊन काखेखाली बंदांनी बांधला जाई आणि कमरेखाली त्याचा घोळ सुटा असे. एवढे कापड अंगाबरोबर हलावे आणि घोड्यावर मांड ठोकताना आड येऊ नये, यासाठी कमरेला घट्ट विळखा हवाच होता.

या विळख्याचा दुसरा उपयोग अधिक महत्त्वाचा ठरला. पोशाखाला खिसे नसल्यामुळे माणसाला जे हाताशी लागे, ते पटक्यात खोचले जाई. सरदाराच्या पटक्यात कट्यार किंवा खंजीर असे, कारकुनाच्या कमरेला कलमदान आणि व्यापाऱ्याच्या कमरेला पैशांचा कसा. मोगल व राजस्थानी लघुचित्रांत एखाद्या अनोळखी माणसाचा पेशा ओळखायचा असेल, तर चेहऱ्यापेक्षा कमरेकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. कट्यारीची मूठ आडवी, उजव्या हाताला सहज सापडेल अशी ठेवलेली असते आणि ती निसटू नये म्हणून पटक्याचे वळसे तिच्या खालून-वरून घेतलेले असतात.

दरबारी पटका सामान्यतः तीन ते चार मीटर लांब आणि अर्धा ते पाऊण मीटर रुंद असे. बांधण्यापूर्वी तो लांबीच्या दिशेने घड्या घालून चार-सहा बोटे रुंदीचा केला जाई. एक टोक समोर लोंबते सोडून उरलेला भाग कमरेभोवती दोन-तीन वेळा फिरवायचा, मग गाठ मारून दुसरे टोकही समोरच सोडायचे, अशी सर्वसाधारण रीत होती. कापड लांब असल्यामुळे सेवकाने टोक ताणून धरावे आणि धन्याने स्वतःभोवती फिरत ते कमरेला गुंडाळून घ्यावे, हे सोयीचे पडे. या बांधणीतून पटक्याची वीणही ठरली. मधला सगळा भाग घड्यांत दडणार, म्हणून तो बहुधा साधा, एकरंगी किंवा बारीक बुट्ट्यांचा ठेवीत. बाजूंना अरुंद काठ विणीत. आणि विणकराची सारी करामत दोन्ही टोकांच्या पदरांवर उतरे, कारण मांड्यांवर रुळणारे ते पदर तेवढेच लोकांच्या नजरेस पडत.

पदरांवरील नक्षीत काळानुसार झालेला बदल हा या वस्त्राच्या अभ्यासातील सर्वांत रंजक भाग आहे. अकबराच्या काळातील चित्रांत पदरांवर बहुधा भौमितिक आकृती आणि आडवे पट्टे दिसतात. जहांगीर 1620 मध्ये काश्मीरला गेला, तेथील फुले पाहून हरखला आणि त्याने मन्सूर या चित्रकाराकडून अनेक फुलझाडांची चित्रे काढून घेतली. त्यानंतरच्या काळात, विशेषतः शाहजहानच्या कारकिर्दीत, पदरावर ओळीने उभी फुलझाडे विणण्याची पद्धत रूढ झाली. प्रत्येक झाड सुटे, मुळापासून शेंड्यापर्यंत पूर्ण, देठाला किंचित बाक दिलेले आणि दोन झाडांमध्ये भरपूर मोकळी जागा. ही मोकळी जागाच त्या नक्षीचे खरे सौंदर्य आहे. ताजमहालाच्या भिंतींवर कोरलेली फुलझाडे आणि पटक्यांच्या पदरांवरील फुलझाडे एकाच अभिरुचीची आहेत. अठराव्या शतकात फुले लहान झाली, त्यांची संख्या वाढली, ओळी दाटल्या आणि रेखीव झाडाचा ठरावीक बुट्टा झाला; कारागिरी तीच राहिली, पण नजर थकली असे म्हणावेसे वाटते.

पटके तलम सुती कापडाचे, रेशमाचे, पश्मिन्याचे आणि सोन्या-चांदीच्या कलाबत्तूचे, म्हणजे जरीच्या धाग्याचे, असत. अहमदाबाद, बनारस, बुऱ्हाणपूर ही जरीच्या कापडाची मोठी केंद्रे होती. काश्मीरकडून पश्मिन्याचे पटके येत आणि गोवळकोंड्याच्या ताब्यातील पूर्व किनाऱ्यावरून कलमकारीचे. महाराष्ट्रात हे काम पैठणला चाले. पैठणीच्या पदराची वीण पटक्याला विशेष सोयीची होती. तीत बाण्याचा एकच धागा या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. नक्षीतील प्रत्येक रंगासाठी वेगळी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली कांडी, असते, तो रंग असेल तेवढ्याच जागेत विणकर ती फिरवतो आणि रंग बदलतो तेथे शेजारच्या धाग्यात अडकवून मागे वळवतो. त्यामुळे मागच्या अंगाला सुटे धागे लोंबत नाहीत आणि कापड दोन्ही बाजूंनी सारखे दिसते. साडीचा पदर पाठीवरून एका बाजूनेच दिसतो. चालताना पटक्याचे पदर मात्र सतत उलटसुलट होत असतात, त्यामुळे उलटी-सुलटी बाजू नसलेले कापड येथे फार मोलाचे होते. पैठणीतील असावली या फुलवेलीच्या नक्षीचे मोगल फुलझाडांशी जवळचे नाते आहे आणि पेशवेकालीन पत्रव्यवहारात असावलीच्या दुपट्ट्यांची मागणी नोंदलेली आढळते.

दरबारात पटका विकत घेऊन बांधण्याइतकेच तो मिळणे महत्त्वाचे असे. बादशहाकडून मिळणाऱ्या खिलतीत, म्हणजे मानाच्या वस्त्रांत, कमीत कमी तीन नग असत : पगडी, जामा आणि कमरेचा पटका. मान वाढला की नगांची संख्या पाच, सात अशी वाढे आणि शिरपेच, घोडा, शस्त्र यांची भर पडे. पण हे तीन नग त्या मानाचा पाया होते. धन्याने दिलेले वस्त्र सेवकाने अंगावर घालणे म्हणजे त्याच्या सत्तेखाली आल्याची कबुली देणे, हा अर्थ सर्वांना ठाऊक होता. म्हणूनच खिलत घेण्यावरून आणि नाकारण्यावरून राजकारणे घडत. मराठी राज्यात पद देताना वस्त्रे देण्याची पद्धत याच परंपरेतील होती. शेला-पागोटे देऊन सत्कार करणे हा तिचाच घरगुती अवतार असून तो आज गावच्या जत्रेतील कुस्त्यांपासून सोयरिकीच्या मानपानापर्यंत सर्वत्र चालतो. दख्खनी चित्रकारांनी सतराव्या शतकात काढलेली आणि आता युरोपातील संग्रहांत असलेली शिवाजी महाराजांची चित्रे पाहिली, तर त्यांतही जाम्यावर नक्षीदार पदरांचा पटका बांधलेला दिसतो.

इराण, तुर्कस्तान आणि भारत यांच्याकडील कमरवस्त्रांचा सर्वांत अनपेक्षित प्रवास पोलंड-लिथुआनियाच्या राज्यात झाला. तेथील उमराव कोंतुश नावाच्या लांब अंगरख्यावर रेशीम व जरीचा पट्टा बांधीत. आरंभी हे पट्टे आर्मेनियन व्यापारी पूर्वेकडून आणीत. पुढे मागणी इतकी वाढली, की ते तेथेच विणणे किफायतशीर ठरले. अठराव्या शतकाच्या मध्यास राद्झिविल घराण्याने आजच्या बेलारूसमधील स्लुत्स्क येथे कारखाना उभारला आणि तो चालवण्यासाठी इस्तंबूलकडील आर्मेनियन कारागीर यान माजार्स्की याला आणले. या कारखान्याचे उत्तम पट्टे चारमुखी म्हणून ओळखले जात. कापडाच्या दोन्ही बाजू वेगळ्या रंगांच्या असत आणि प्रत्येक बाजूचे लांबीच्या दिशेने पुन्हा दोन रंगांचे भाग असत. लांबीत दुमडून बांधल्यावर त्यांपैकी एकच रंग बाहेर राही. एकच पट्टा लग्नात तांबडा वा सोनेरी आणि अंत्यविधीत काळा म्हणून वापरता येई. पदरांवर फुलांचे दोन भरगच्च तुरे आणि कोपऱ्यात गावाचे नाव विणलेले असे. 1772 ते 1795 या काळात झालेल्या फाळण्यांनी ते राज्य नकाशावरून पुसले गेले आणि कोंतुशाची चालही ओसरली. उरलेले अनेक पट्टे कापून ख्रिस्ती धर्मगुरूंच्या उपासनावस्त्रांना जोडले गेले.

इतर देशांतील कमरवस्त्रांत जपानी किमोनोवरील ओबी सर्वांना परिचित आहे. कॅनडातील क्वेबेकचा बाणनक्षीचा लोकरी पट्टा मागाशिवाय, केवळ बोटांनी धागे गुंफून विणत. फरच्या व्यापारात होड्या वल्हवणारे आणि ओझी वाहणारे लोक थंडीत कोट मिटून राहावा आणि पाठीला आधार मिळावा म्हणून तो करकचून बांधीत. आज तो कॅनडातील मेती या, मूळ रहिवासी व युरोपीय अशा मिश्र वंशाच्या समाजाची ओळख झाला आहे. आपल्याकडील हमाल आणि शेतकरी कमरेला पंचा आवळतात, तेही याच कारणासाठी. शीख परंपरेतील पंजप्यारे, म्हणजे धार्मिक विधींतील पाच मानकरी, कमरकसा नावाचे कमरवस्त्र बांधतात.

भारतात पटका मागे पडण्याची कारणे दोन होती. एक तर बटणांचे कोट आले, त्यांना खिसे होते, आणि घोळदार जामा विसाव्या शतकाच्या आत केवळ लग्नाचा व समारंभाचा पोशाख उरला. दुसरे, ब्रिटिश सरकारच्या 1878 च्या शस्त्रास्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यावर बंदी आली आणि पटक्यात खोचायला कट्यारच राहिली नाही. पटका या काळात पूर्णपणे नाहीसा झाला असे मात्र नाही. तो धन्याच्या कमरेवरून चाकराच्या अंगावर गेला. मुंबई इलाख्यातील कचेऱ्यांत साहेबाच्या दाराशी उभा राहणारा शिपाई खांद्यावरून तिरका पट्टा घालू लागला, त्यावर खात्याचे नाव कोरलेला पितळी बिल्ला असे, आणि त्यावरूनच त्याला पट्टेवाला म्हणू लागले. या पट्ट्यात खोचायला काही नव्हते. सरकारी हुकूम घेऊन येणारा माणूस दुरून ओळखू यावा, एवढेच त्याचे काम. त्याच काळात उलट दिशेचीही उसनवारी झाली. हिंदुस्थानातील गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांना उन्हाळ्यात मेजवानीच्या पोशाखातला जाकिटाचा थर सोसवेना, तेव्हा त्यांनी त्याऐवजी चुण्या घातलेला रेशमी कमरबंद बांधायला सुरुवात केली आणि तो पुढे लंडन व न्यूयॉर्कच्या संध्याकाळच्या पोशाखात ‘कमरबंड’ म्हणून रुळला. भारतीय लष्कराच्या समारंभी गणवेशात पलटणीच्या रंगांचे कमरबंद आजही आहेत. फ्रान्सचे महापौर तिरंगी पट्टा खांद्यावरून घेतात, दक्षिण अमेरिकेतील अनेक देशांत नवा राष्ट्राध्यक्ष पदाचा पट्टा अंगावर चढवून घेतो आणि सौंदर्यस्पर्धेतील विजेतीलाही पट्टाच घालतात. या सर्वांत वस्त्र बांधण्याचे काम कोठेच उरलेले नाही.

महाराष्ट्रात पोशाखाचा भाग म्हणून कमरेचा शेला आता शाहिरांच्या, लेझीम पथकांच्या आणि ऐतिहासिक नाटकांतील पात्रांच्या अंगावर दिसतो. लग्नात नवरी शालूवर शेला पांघरते आणि तिच्या शेल्याची किंवा पदराची वराच्या उपरण्याशी गाठ बांधली जाते. तेथे शेला कमरेवरून खांद्यावर आला असला, तरी बांधण्याचे काम त्याच्याकडे पुन्हा आले आहे.

जुने पटके पूर्ण स्वरूपात फार थोडे उरले आहेत. सतत त्याच रेषांवर घड्या पडल्यामुळे कलाबत्तूचे धागे तेथेच तुटतात आणि कापड पट्ट्यापट्ट्यांनी विरते. त्यातून जे वाचले, त्यातील बरेचसे जुनी जर विकत घेणाऱ्यांकडे गेले. कापड जाळून त्यातील सोने-चांदी वेगळी काढण्याचा हा धंदा जुन्या भरजरी वस्त्रांचा सर्वांत मोठा शत्रू ठरला. अनेक घरांत मधला साधा भाग टाकून देऊन नक्षीचे पदर तेवढे कापून ठेवले गेले, त्यामुळे संग्रहालयांत पूर्ण पटक्यांबरोबर सुटे पदरही आढळतात. अहमदाबादचे कॅलिको वस्त्रसंग्रहालय आणि लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय यांच्याकडे चांगले नमुने आहेत. पटक्यावर तारीख विणलेली नसल्याने त्याचा काळ ठरवताना त्या त्या काळच्या चित्रांतील पदरांशी नक्षी ताडून पाहावी लागते. ही पद्धत शाहजहानी फुलझाडांपर्यंत बरीच विश्वसनीय आहे, पण अठराव्या शतकात जुन्या नमुन्यांच्या नकला सर्रास विणल्या गेल्याने तेथे केवळ नक्षीवर विसंबता येत नाही आणि जरीचा पीळ, रेशमाचा पोत व रंगद्रव्ये तपासावी लागतात.