लष्करी वैद्यकीय संशोधन आणि शिक्षणासाठी फाउंडेशन: मुंबईत नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रं

लष्करातून निवृत्त झालेले डॉक्टर, एखाद्या जवानाच्या स्मरणार्थ काही करू पाहणारं कुटुंब, औषध व्यवसायातले देणगीदार अशी मंडळी एकत्र येतात आणि ठरवतात, की उंचावरच्या आजारांवर, उष्माघातावर, कृत्रिम अवयवांवर किंवा पाण्याखाली काम करणाऱ्या नौसैनिकांच्या आरोग्यावर संशोधन व्हावं, तरुण डॉक्टरांना शिष्यवृत्ती मिळावी, त्यासाठी एक फाउंडेशन काढूया. मग पहिला प्रश्न येतो, ‘ट्रस्ट करायचा की कंपनी?’ माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात: पैसा कोणाकडून येणार आणि तो शेवटी कोणाच्या हातात पडणार. नोंदणीचं काम त्यामानाने सरळ आहे. अडतं ते पुढे, पहिली मोठी देणगी आली की.

अमेरिकेत १९८३ मध्ये तिथल्या संसदेने खास कायदा करून लष्करी वैद्यकाला साहाय्य करणारं हेन्री एम. जॅक्सन फाउंडेशन उभं केलं. आपल्याकडे चार खासगी माणसांनी अशी संस्था काढायची तर रस्ते नेहमीचेच तीन आहेत.

तीन रस्ते

पहिला, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली सार्वजनिक न्यास, म्हणजे ट्रस्ट. दुसरा, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सोसायटी. तिला किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात तिची धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणूनही नोंदणी होते, म्हणजे प्रमाणपत्रं दोन आणि निवडणुका, सभा, सभासदयादीचा व्याप वेगळाच. तिसरा, कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी.

सोसायटी या कामाला मला फारशी सोयीची वाटत नाही. देणगीदार मोजके आणि ओळखीचे असतील, काम शिष्यवृत्त्या, व्याख्यानं, परिषदा असं असेल तर न्यास पुरेसा होतो. मोठ्या कंपन्यांचा निधी, संशोधनाचे करार, पगारी कर्मचारी असा पसारा असेल तर कलम ८ ची कंपनी बरी. तिला खासगी स्वरूपात दोन संचालक पुरतात आणि किमान भांडवलाची अट नाही. अर्ज स्पाइस प्लस या ऑनलाइन फॉर्मवर होतो. सोबत संचालकांची डिजिटल सही, आयएनसी-१३ नमुन्यातलं मेमोरँडम (कंपनीची उद्दिष्टं सांगणारा मूळ दस्तऐवज), सीए किंवा कंपनी सेक्रेटरीसारख्या व्यावसायिकाचं आणि अर्जदारांचं घोषणापत्र आणि पुढच्या तीन वर्षांच्या जमाखर्चाचा अंदाज लागतो. हा अंदाज लोक घाईत भरतात. तो वाचला जातो, म्हणून कामाचं स्वरूप आणि आकडे एकमेकांना धरून असू द्या.

नाव

‘भारतीय सेना’, ‘नौदल’, ‘आर्म्ड फोर्सेस’ असे शब्द नावात घालायचा मोह सगळ्यांनाच होतो. बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराला प्रतिबंध करणारा १९५० चा केंद्रीय कायदा आहे. सरकारचा आश्रय किंवा संबंध सूचित करणारं नाव त्यात अडकतं. लेटरहेडवर अशोकस्तंभ किंवा सेनादलाचं चिन्ह तर अजिबात नको. एखाद्या व्यक्तीच्या नावाने किंवा साध्या वर्णनात्मक नावाने काम भागतं. कंपनीच्या नावात फाउंडेशन, फोरम, असोसिएशन, कौन्सिल अशांपैकी एक शब्द असावा लागतो.

विश्वस्त कोण होऊ शकतं

सज्ञान आणि करार करण्यास सक्षम कोणीही. निवृत्त अधिकाऱ्यांना अडचण नाही. अडचण आहे ती सेवेतल्यांची. सैन्य नियम, १९५४ मधला नियम १९ सांगतो, की सेनादलाचा भाग म्हणून मान्यता नसलेल्या कुठल्याही संस्थेच्या कामात केंद्र सरकारच्या स्पष्ट मंजुरीशिवाय सक्रिय भाग घेता येत नाही. त्यामुळे ‘लष्करी रुग्णालयाचे कमांडिंग ऑफिसर पदसिद्ध विश्वस्त राहतील’ अशी वाक्यं न्यासपत्रात (ट्रस्ट डीडमध्ये) घालू नका. त्या अधिकाऱ्याची पंचाईत होते आणि तुमचा अर्जही रेंगाळतो. नुसतं ‘सल्लागार’ म्हटलं म्हणून सुटका होत नाही. नाव छापण्याआधी त्यांनी आपल्या वरिष्ठांमार्फत लेखी परवानगी आणलेली असावी.

तहहयात विश्वस्तांबद्दलही सांभाळा. राज्याने २०२५ मध्ये कायदा दुरुस्त करून अशा विश्वस्तांच्या संख्येला एकूण संख्येच्या एक चतुर्थांशाची मर्यादा घातली. संस्थापकाला घरातले सगळे कायमचे ठेवायचे असतात. तसं करू नका. प्रत्येकाची मुदत आणि नव्याची नेमणूक कशी होणार, हे न्यासपत्रातच लिहा. नोंदणीच्या अर्जात उत्तराधिकाराच्या पद्धतीचा रकाना असतो, तिथे न्यासपत्रातलंच कलम उतरवायचं असतं.

न्यासपत्रातलं उद्दिष्टांचं कलम

इथे वेळ घालवा. बरेच मसुदे असं लिहितात: ‘भारतीय सैन्याच्या वैद्यकीय सेवेस मदत करणे.’ ऐकायला छान, पण यातून तुम्ही नेमका कशावर खर्च करू शकता हे कोणालाच कळत नाही, शिवाय सरकारी खात्याच्या वतीने पैसे गोळा करताय की काय, अशी शंका येते. सार्वजनिक न्यास कायद्याचं कलम ९ धर्मादाय हेतू कशाला म्हणतं ते पाहा: गरिबांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि लोकोपयोगी इतर कामं. आपलं उद्दिष्ट या शब्दांना धरून मांडायचं. उदाहरणार्थ:

‘लष्करी सेवेत उद्भवणारे आजार, दुखापती आणि अपंगत्व यांवरील वैद्यकीय संशोधनास अर्थसाहाय्य देणे, या विषयांत शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना व डॉक्टरांना शिष्यवृत्ती देणे, माजी सैनिक, वीरपत्नी व त्यांच्या कुटुंबीयांना वैद्यकीय मदत देणे, आणि या संशोधनाचा लाभ सर्वसामान्य जनतेपर्यंत पोहोचवणे.’

शेवटचा भाग शोभेचा नाही. लाभ कोणाला मिळतो हा प्रश्न आयकर खातं विचारतं. विश्वस्तांच्या नातेवाइकांना न्यासाचा लाभ दिला तर करसवलत धोक्यात येते. मुलगा एमडी करतोय म्हणून पहिली शिष्यवृत्ती त्यालाच, हे इथे चालत नाही. न्यास रद्द न करता येणारा आहे आणि विसर्जन झाल्यास मालमत्ता समान उद्दिष्टांच्या न्यासाकडे जाईल, ही दोन वाक्यंही हवीतच. उद्दिष्टं नंतर बदलायची म्हटली तर धर्मादाय कार्यालयात कलम ५०-अ खाली योजनेचा (न्यासाच्या रचनेत बदल मागणारा) अर्ज करावा लागतो. त्यात किती काळ जाईल याची खात्री कोणी देत नाही, म्हणून आधीच नीट लिहा.

वरळीचं काम

मुंबईतल्या न्यासाचा अर्ज वरळीला डॉ. ॲनी बेझंट रोडवरच्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात येतो. भरायचा मात्र त्यांच्या पोर्टलवर ऑनलाइन. न्यास स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत कलम १८ खाली अर्ज करायचा असतो, नमुना शेड्यूल २. न्यासपत्र योग्य मुद्रांकावर करून साक्षीदारांच्या सह्या घ्या. स्थावर मालमत्ता देणार असाल तर ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं.

सोबत जोडायचं ते असं: मूळ न्यासपत्र आणि साक्षांकित प्रत, संस्थापक आणि विश्वस्तांचं आधार, पॅन आणि फोटो, प्रत्येकाचं संमतिपत्र, प्रतिज्ञापत्र, सुरुवातीच्या निधीचा पुरावा, कार्यालयाच्या जागेचं वीजबिल आणि मालकाचं ना हरकत पत्र, वकिलामार्फत गेलात तर वकीलपत्र. मुंबईत घोळ जागेवर होतो. फ्लॅट आईच्या नावावर, वीजबिल अजून आधीच्या मालकाचं, आणि ना हरकत दिलंय मुलाने! ज्याच्या नावावर जागा, त्याचीच सही हवी. भाड्याची जागा असेल तर लिव्ह अँड लायसन्स करारात कार्यालयाच्या वापराला मनाई नाही ना, ते आधी वाचा.

निरीक्षकाने त्रुटी काढल्या तर त्या पूर्ण कराव्या लागतात, सुनावणीला विश्वस्त हजर असला तर बरं. नोंदणी झाली की ‘ई’ ने सुरू होणारा क्रमांक आणि प्रमाणपत्र मिळतं. त्यानंतर संस्थेच्या नावाने पॅन काढायचं. न्यासाच्या पॅनमध्ये चौथं अक्षर ‘टी’ असतं, कंपनीच्या पॅनमध्ये ‘सी’. दुसरंच काही छापून आलं तर बँकेत जाण्याआधी दुरुस्त करून घ्या.

करसवलत आणि देणग्या

‘बारा-ए’ आणि ‘ऐंशी-जी’ ही नावं सगळ्यांच्या तोंडात बसली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी आयकर कायदा २०२५ आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, तेव्हा आयकर पोर्टलवर चालू असलेला फॉर्मच भरा, जुनी नक्कल वापरू नका. व्यवस्था तीच आहे: एक नोंदणी संस्थेचं उत्पन्न करमुक्त राहावं म्हणून, दुसरी मान्यता देणगीदाराला वजावट मिळावी म्हणून. नव्या संस्थेला आधी तात्पुरती नोंदणी मिळते. ढोबळ नियम असा, की वर्षाच्या उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च व्हावी. दोन हजार रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट नाही. नव्या करप्रणालीत असलेल्या व्यक्तीलाही ती मिळत नाही, हे देणगीदाराला आधीच सांगा.

कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीसाठी सीएसआर-१ फॉर्म भरून क्रमांक घ्यावा लागतो. त्याला वरच्या दोन्ही नोंदण्या लागतात आणि कंपनीने स्वतः न काढलेल्या, बाहेरच्या संस्थेकडे सहसा तीन वर्षांच्या कामाचा अनुभव मागितला जातो. इथेच उद्दिष्टांचं कलम कामाला येतं. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांचा स्पष्ट उल्लेख आहे, सेवेतल्या जवानांचा तसा नाही. आरोग्य आणि शिक्षण या बाबी वेगळ्या आहेत. म्हणून प्रकल्पाचा प्रस्ताव यांपैकी कुठल्या बाबीत बसतो, हे पहिल्या पानावर लिहा. स्वयंसेवी संस्थांसाठीच्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांकही काढून ठेवा.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मुलांनी पैसे पाठवायचे म्हटले तर? एफसीआरए (परकीय देणग्यांच्या नियमनाचा कायदा) नोंदणीला किमान तीन वर्षांची संस्था आणि त्या तीन वर्षांत कामावर १५ लाख रुपये खर्च, ही अट आहे. पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो. २०२० च्या दुरुस्तीने हा पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवायला बंदी घातली आणि लोकसेवकाला परकीय देणगी घेता येत नाही. म्हणजे परदेशातून पैसे घेऊन लष्करी डॉक्टरच्या प्रकल्पाला द्यायचे, हा सरळ वाटणारा मार्ग बंद आहे. परदेशी पैसा तुमच्या स्वतःच्या कार्यक्रमांवर खर्च करा, उदाहरणार्थ नागरी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांवर.

पैसे द्यायची वेळ

कुलाब्याचं नौदलाचं रुग्णालय आयएनएचएस आश्विनी किंवा पुण्याचं सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय या सरकारी संस्था आहेत. तिथल्या प्राध्यापकाच्या नावाने धनादेश काढायचा नाही. प्रस्ताव संस्थाप्रमुखांमार्फत वर जातो आणि मंजुरीनंतर लेखी करार होतो. करारात तीन गोष्टी विचारून घ्या: निष्कर्ष प्रसिद्ध करायला कोणाची परवानगी लागेल, पेटंट कोणाचं आणि उपकरणं शेवटी कोणाच्या ताब्यात राहतील.

माणसांवरचं संशोधन असेल तर नोंदणीकृत नीतिसमितीची मान्यता हवी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सेनादलातल्या व्यक्तींना ‘असुरक्षित’ गटात धरलं आहे, कारण वरिष्ठ समोर असताना जवान ‘नाही’ म्हणेलच असं नाही. अनुदानाचा पहिला हप्ता या मान्यतेची प्रत हातात आल्यावरच सोडा, अशी अट आमच्या मसुद्यांत आम्ही घालतोच. औषधाची चाचणी असेल तर सीटीआरआय या औषधचाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतली नोंदणीही पाहा.

दरवर्षी ३१ मार्चला खाती बंद करून सहा महिन्यांत लेखापरीक्षण पूर्ण करायचं. विश्वस्त बदलला, वारला, पत्ता बदलला, की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदल कळवणारा अर्ज). तो राहिला तर पुढे मालमत्ता विकताना किंवा बँकेत सही बदलताना आधी जुने रिपोर्ट निकाली काढावे लागतात, मगच नवं काम हलतं.